वरच्या खोलीतला रकमन

आमच्या लंडनमधल्या, एजवेअरच्या घरातल्या दारांच्या चौकटी साडेसहा फूट उंच आहेत. वीस वर्षं त्या घरात राहूनही हे मला माहीत नव्हतं. माझी उंची पाच फूट एक इंच, नवऱ्याची माझ्याहून जेमतेम वीतभर जास्त. चौकटीच्या वरच्या टोकाशी आमचं काही देणंघेणंच नव्हतं. मग मुलगी युनिव्हर्सिटीसाठी मँचेस्टरला गेली, वरची खोली रिकामी झाली, आणि भाड्याने हवी म्हणून ती बघायला एक ऑस्ट्रेलियन तरुण आला. तो सहा फूट सात इंच होता. बाहेरच्या दारातून वाकून आत आला, स्वयंपाकघराच्या दाराशी मात्र वाकायचं विसरला. केवढा तरी आवाज झाला. आम्ही दोघं धावलो, तर तो चौकटीवर हात ठेवून तिलाच सॉरी म्हणत होता. नवऱ्याला दोन रेफरन्स हवे होते; मला तेवढा एक पुरला.

तो इथल्या प्राथमिक शाळांमध्ये बदली शिक्षक म्हणून काम करायचा. एका वर्षासाठी आला होता, आठ वर्षं राहिला. पलंग त्याला आखूड पडायचा, म्हणून नवऱ्याने पायथ्याशी एक स्टूल, त्यावर आमच्या लग्नातला पाट आणि पाटावर उशी अशी सोय केली. नवरा भूलतज्ज्ञ आहे, लोकांना व्यवस्थित झोपवणं हा त्याचा व्यवसायच आहे. मी त्या तरुणाला पहिल्याच आठवड्यात मला ‘काकू’ म्हणायला शिकवलं. नावाने हाक मारलेली मला हॉस्पिटलात चालते, स्वयंपाकघरात नाही.

गेल्या वर्षी तो परत गेला. तो इथे ज्या क्लबकडून खेळायचा, त्या क्लबने मला सांगितलं, त्याच्या कारकिर्दीबद्दल चार ओळी लिहून द्या, आमच्या वेबसाइटवर टाकतो. चार ओळी मी इंग्रजीत लिहून दिल्या. हे त्यात न मावलेलं.

त्याच्या खेळाला ते लोक ‘फूटी’ म्हणतात. लंबगोल बॉल, लंबगोल मैदान, दोन्ही टोकांना चार-चार खांब आणि बिनबाह्यांची जर्सी घालून एकमेकांच्या अंगावर चढणारी माणसं. लंडनमधले ऑस्ट्रेलियन उन्हाळ्यात शनिवारी पार्कात जमून तो खेळतात. प्रत्येक टीममध्ये एक रकमन असतो. अंपायर बॉल हवेत उडवतो, दोन्हीकडचे रकमन झेपावतात, आणि ज्याचा हात आधी पोचेल तो बॉल आपल्या एखाद्या बुटक्या, चपळ गड्याकडे टोलवून देतो. पुढचं सगळं बुटका करतो. पळतो तो, गोल मारतो तो, टाळ्या घेतो तो. रकमन तोवर धापा टाकत पुढच्या उडीकडे निघालेला असतो. लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याचं काम आहे ते: सगळ्यांच्या पानात पडतंय ना बघायचं आणि आपण शेवटी बसायचं.

हे काम त्याच्यासारखं करणारा मी दुसरा पाहिला नाही. मोठ्या स्टेडियममधले नामांकित रकमन मी नंतर टीव्हीवर बघितले. असतील मोठे. पण आमचा जसा थांबायचा तसं त्यांच्यातल्या कोणाला थांबता येत नाही, हे माझं ठाम मत आहे. समोरचा घाईघाईने उडायचा. हा अर्धा श्वास उशिरा उडायचा, आणि समोरचा खाली यायला लागला की याचा हात वर पोचलेला असायचा. लोक त्याची उडी बघायचे, मी मनगट बघायचे. मी हातांची फिजिओ आहे. मोडलेली, शिवलेली, आखडलेली बोटं पुन्हा कामाला लावणं ही माझी नोकरी. एवढ्या दणकट माणसाचं मनगट त्या क्षणी इतकं हलकं कसं होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बॉलला तो मारायचाच नाही, नुसता वळवायचा. मागे न बघता, मागच्या माणसाकडे.

दुसऱ्या सीझनमध्ये मी या भानगडीत पडले. खांबांच्या मागे उभं राहून गोल झाला की नाही हे ठरवायला एक गोल अंपायर लागतो, आणि तो प्रत्येक क्लबला आपला आपण द्यावा लागतो. त्यांचा नेहमीचा माणूस मायदेशी गेला होता. “काकू, तुमच्यासारखी नजर कोणाची नाही,” तो म्हणाला. “लोणच्यात कोणी उष्टा चमचा घातला, तेही तुम्हाला कळतं.”

तो चमचा त्याचाच होता, पण मुद्दा बरोबर होता.

“अगं, तुला रूल्स तरी माहीत आहेत का?” नवरा म्हणाला. “एलबीडब्ल्यू समजायला तुला पंचवीस वर्षं लागली.”

“एलबीडब्ल्यू मला केव्हाच समजलाय. मी दिलेला तुला पटत नाही, एवढंच.”

नियम सोपे निघाले. पायाने मारलेला बॉल मधल्या दोन उंच खांबांतून, कोणालाही न लागता गेला, तर गोल, सहा पॉइंट. मी दोन्ही हातांची बोटं पुढे करायची आणि दोन झेंडे हलवायचे. बाजूच्या खांबांतून गेला, किंवा मधून जाताना कोणाच्या बोटाला नुसता चाटून गेला, तर एक पॉइंट. एक बोट, एक झेंडा. बोट समोरच्या टीममधल्याचं असो की आपल्या, शिक्षा तीच. पांढरा कोट घालायची पद्धत होती, आणि तो माझ्याकडे होताच: मिरजेहून आणलेला, कॉलेजातला, कॉलरवर शाईचा डाग असलेला. बटणं आता लागत नव्हती, पण खांबांना काय फरक पडतो.

पहिल्याच मॅचला मी आमच्या क्लबचा एक गोल नाकारला. चाटून गेलेला मला दिसला होता. आमचेच लोक माझ्याभोवती जमून हातवारे करायला लागले. तो मैदानाच्या मधून शांतपणे चालत आला आणि म्हणाला, “काकू म्हणाल्या लागला, म्हणजे लागला.” त्यानंतर माझ्याशी कोणी वाद घातला नाही. नवराही शनिवारी घडीची खुर्ची आणि पेपर घेऊन यायला लागला, आणि मधल्या सुट्टीत संत्र्याच्या फोडींबरोबर सांगलीचं भडंग फिरायला लागलं. मैदानावर एकमेकांच्या बरगड्या मोडणारी ही माणसं त्यातला लसूण मात्र बोटांनी वेचून बाजूला ठेवायची. मी ओरडल्यावर खायला लागली.

हळदीचं आता सांगायला हवं. रकमनची बोटं सतत दुखावतात. हॉस्पिटलात मी पेशंटला बर्फ, स्प्लिंट आणि व्यायाम सांगते, छापील कागदासकट. घरी मात्र मी सांगलीची आहे. सहाणेवर आंबेहळद उगाळायची, चिमूटभर साधी हळद घालायची, पळीत कोमट करायची आणि सुजलेल्या बोटावर जाड लेप द्यायचा. याला पुरावा काय, असं कोणी मला विचारू नये. त्यालाही मी विचारू दिलं नाही. एकदा लेप वाळायच्या आत तो मैदानात उतरला, आणि पहिल्या क्वार्टरच्या शेवटी तो लालभडक बॉल पिवळ्या बोटांच्या ठशांनी भरला. समोरच्या क्लबने तक्रार केली. तेव्हापासून लेपावर घट्ट पट्टी बांधायची असं ठरलं. दर शनिवारी संध्याकाळी तो स्वयंपाकघरात यायचा, ओट्याशी उभा राहायचा आणि हात पुढे करायचा. मी पट्टी सोडून बोट बघायचे. कधी बोलायचो, कधी नाही. माझ्या आठवड्यातली ती सगळ्यात आवडती दहा मिनिटं होती.

आठ वर्षांत त्याने सगळं मिळवलं. क्लबचा सर्वोत्कृष्ट खेळाडू, लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू, कप्तानपद. नाही मिळालं ते एकच. त्याची टीम तीनदा फायनलला गेली आणि तीनदा हरली. ऑस्ट्रेलियात त्याच्या आईच्या घरी काचेचं कपाट आहे. त्यात त्याच्या वडिलांचं पदक आहे. तेही रकमन होते, गावाकडच्या लीगमध्ये एकदा फायनल जिंकलेले. त्याच्या शेजारची जागा आईने त्याच्यासाठी मोकळी ठेवली होती. वडील गेल्यानंतरही तिने तिथे दुसरं काही ठेवलं नाही. हे त्याने मला एकदाच सांगितलं, पट्टी सोडताना, खाली बघत. मी त्यावर काहीतरी थट्टा केली आणि लगेच मला माझाच राग आला. त्याला ते पदक किती हवं होतं, हे त्याचा हात धरून बसलेल्या मला कळत होतं.

गेल्या वर्षी त्याचे दोन्ही गुडघे संपले. आई एकटी पडली होती, तिकडच्या शाळेत नोकरी मिळत होती, सप्टेंबरचं तिकीट काढून झालं होतं. आणि ऑगस्टमध्ये त्याची टीम चौथ्यांदा फायनलला गेली. त्या सकाळी मी त्याच्या तळव्यावर दही-साखर ठेवली. नेहमी चमचाभर ठेवायचे, त्या दिवशी वाटीभरच ठेवली असती. नवरा गाडीत म्हणाला, “आज तू तरी शांत राहा.” मी शांतच होते. फक्त झेंडे घरी विसरले होते, म्हणून आम्हाला कोपऱ्यावरून परत फिरावं लागलं.

शेवटच्या क्वार्टरच्या आधीच्या सुट्टीत तो लंगडत माझ्याकडे आला. उजव्या हाताची अनामिका उलटी दुमडली गेली होती आणि फुगत चालली होती. पिशवीत लेपाची डबी होती, पट्टी मात्र संपली होती. मी भरपूर लेप लावला आणि म्हटलं, “असंच राहू दे, नाहीतरी तू आता उड्या मारणार नाहीस.” ते खरं होतं. गुडघ्यांनी साथ सोडली होती. रकमनच्या जागी दुसऱ्याला उभं करून कोचने याला माझ्या टोकाच्या खांबांसमोर ठेवला, निदान समोरच्यांना अडथळा तरी होईल म्हणून. त्या क्वार्टरमध्ये शेवटच्या मिनिटापर्यंत बॉल त्याच्याकडे एकदाही आला नाही.

मिनिटभर उरलं होतं आणि आम्ही चार पॉइंटनी मागे होतो. गोल झाला तर पदक, एक पॉइंट मिळाला तर नाही. एवढा हिशेब मैदानावरच्या कुत्र्यांनाही कळत होता. तेवढ्यात आमच्या एका गड्याने लांबून बॉल मारला. तो उंच, सरळ, मधल्या खांबांकडे यायला लागला. खांबांच्या अगदी पुढ्यात सहा-सात माणसं एकदम उडाली, त्यात तोही. हात, कोपरं, डोकी. बॉल त्या सगळ्यांच्या वरून खांबांतून आत आला आणि माणसं एकमेकांवर कोसळली.

मला काहीतरी दिसलं होतं. बॉल जाता जाता किंचित डगमगला होता. वाऱ्यानेही डगमगतो. मी स्वतःला चटकन सांगितलं, वारा आहे. माझे हात दोन्ही झेंड्यांकडे गेले होते, हे मला लपवायचं नाही.

बॉल माझ्या मागच्या कुंपणावर आपटला आणि गवतावरून उड्या घेत परत आला. माझ्या बुटांशी येऊन थांबला. त्याच्या लाल कातड्यावर एक ओली, पिवळी रेघ होती. अनामिकेच्या टोकाएवढी रुंद.

मुख्य अंपायर धावत आला. “लागला का?” त्याने विचारलं. त्याला बॉल दिसत होता, पण त्या पिवळ्या रंगाचा अर्थ, आज लेपावर पट्टी नाही हे माहीत असलेल्या दोघांनाच कळणार होता. दुसरा पालथा पडला होता आणि त्याचं तोंड गवतात होतं. मी बूट पुढे करून ती रेघ झाकू शकले असते. बॉल उचलताना कोटाच्या बाहीने पुसू शकले असते. त्या काचेच्या कपाटातली जागा मी कधी पाहिली नव्हती, पण तेव्हा मला ती स्पष्ट दिसली.

“लागला,” मी म्हटलं. एक बोट पुढे केलं, एक झेंडा हलवला. झेंडा इतका जड कधीच लागला नव्हता.

आम्ही तीन पॉइंटनी हरलो. शिट्टी झाली तेव्हा आमचे लोक माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्यातला एक जण मोठ्याने म्हणाला, की आपलीच अंपायर आणि आपलाच गळा. आमचा रकमन गवतावर उठून बसला होता. वर न बघता म्हणाला, “काकू म्हणाल्या लागला, म्हणजे लागला.” मग एकेक जण आपली बॅग उचलायला लागला. भडंगाचा डबा तसाच भरलेला घरी न्यायचा होता.

मी नवऱ्याला म्हटलं, “चल आपण निघू. तो आज ट्रेनने टीमच्या मुलांबरोबर येईल.” पण आम्ही कार पार्कात पोचलो तर तो गाडीला टेकून उभा होता. नेहमीसारखा पुढच्या सीटवर बसला, सीट पूर्ण मागे सरकवून, आणि मी नेहमीसारखी त्याच्या मागे पाय दुमडून बसले. दोन सिग्नल गेले. नवऱ्याने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

“मला कळलं होतं,” आमचा रकमन म्हणाला. “बोटाला लागल्यावर कळ आली होती. मी मुद्दाम उठलो नाही. तुम्ही दोन झेंडे हलवले असते, तर मी गप्प बसलो असतो, काकू. पदक घेतलं असतं.”

त्याला हे सांगायची काहीच गरज नव्हती. मला वाटलं, आता माझी पाळी.

“बॉल पायाशी आला नसता, तर मी हलवले असते,” मी म्हटलं. “दोन्ही.”

नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग रकमन हसायला लागला, खांदे हलवत, गाडीचं छप्पर डोक्याला लागत असताना, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एवढा मोठा खांदा, माझा हात त्यावर कुठच्या कुठे. घरी गेल्यावर तो ओट्याशी येऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. मी बोट धुतलं, पुन्हा हळद उगाळली. ते बोट पुढे पूर्ण सरळ झालं नाही. माझ्या नोकरीतलं ते अपयश म्हणता येईल.

सप्टेंबरमध्ये हीथ्रोवर मी त्याच्या जॅकेटच्या खिशात आंबेहळदीचा एक गड्डा घातला, कागदात गुंडाळून. तिकडे कुठे मिळणार आणि त्याचं बोट अजून दुखत होतं. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्यापिण्याचं, मुळं, बिया, सगळं फॉर्मवर लिहावं लागतं, हे मला माहीत होतं. “तू काही लिहीत बसू नकोस,” मी म्हटलं. “एवढ्याशा तुकड्याला कोण विचारतंय.” तो हो म्हणाला, मला मिठी मारायला जवळजवळ गुडघ्यावर बसला, आणि गेला. मी घरी येऊन पायथ्याचं स्टूल आणि पाट जागच्या जागी ठेवून दिले.

दोन दिवसांनी त्याचा व्हिडिओ कॉल आला. तो आईच्या घरी होता. मागे काचेचं कपाट दिसत होतं, एक पदक आणि शेजारी मोकळी जागा.

“काकू, हळद गेली,” तो म्हणाला. “एअरपोर्टवर काढून घेतली.”

“कशी काय? खिसे तपासले का तुझे?”

“नाही. मी फॉर्मवर लिहिलं.”

“तुला सांगितलं होतं ना, लिहू नकोस म्हणून.”

“सांगितलं होतं.”

“मग?”

“मग काय, काकू,” तो म्हणाला. “होती ना खिशात.”

मी फोनसमोर, खांबांमागे करायचे तसं, एक बोट पुढे केलं. तो हसला आणि त्याने आपलं पुढे केलं, तेच, सरळ न होणारं. मला रडू यायला लागलं आणि मी ते लपवलं नाही. नवऱ्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि तिकडे हवा कशी आहे ते विचारायला लागला.